डेसिबलपुढचा ‘ए’ काय करतो?

यवतमाळच्या दुर्गोत्सवात डीजेचा आवाज मोजायचा, तर मीटरला माणसाच्या कानासारखं ऐकावं लागतं. ते काम ‘ए’ फिल्टर करतो.

● मर्यादा : ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55, रात्री (10 ते 6) 45 डेसिबल (ए).

● वजावट : मंद आवाजातला खर्ज कानाला कमी जाणवतो. म्हणून 1000 हर्ट्झला वजावट शून्य, 100 हर्ट्झला सुमारे 19 आणि 50 हर्ट्झला 30 डेसिबल.

● अडचण : वजावटीचा हा वक्र अ‍ॅनालॉग सर्किटच्या गणितात ठरलेला आहे. सेकंदाला 48,000 नमुने घेणाऱ्या डिजिटल मीटरमध्ये तो ‘बायलिनियर’ पद्धतीने उतरवला, तर वरची पट्टी आक्रसते; 10,000 हर्ट्झच्या पुढे आवाज प्रमाणापेक्षा जास्त कापला जातो.

● उपाय : नमुन्यांचा वेग वाढवणे, किंवा मूळ वक्राशी फरक कमीत कमी राहील असे गुणांक संगणकाने शोधणे. वरच्या टोकाला आंतरराष्ट्रीय मानकही जास्त सूट देते.

● मेख : छाती हादरवणारा बास ‘ए’ मापनात बराचसा निसटतो. ‘सी’ या दुसऱ्या फिल्टरच्या मापनात 50 हर्ट्झला वजावट जेमतेम 1.3 डेसिबल असते.