आंबिवलीच्या गच्चीवरून पुष्य: मोबाईलने तारकागुच्छाचा फोटो

चंद्राच्या फोटोंचा एपिसोड झाला, तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "दादा, आमच्याकडे आकाश काळंच नसतं, मग टेलिस्कोप घेऊन करू काय?" प्रश्न रास्त आहे. मी आंबिवलीत राहतो. दक्षिणेला उल्हासनगर, नैर्ऋत्येला कल्याण, आणि त्या बाजूचं आकाश रात्रभर उजळलेलं. ते बघून लोक ठरवतात की फोटो काढायचे तर लडाखलाच, आणि हौसेने घेतलेला टेलिस्कोप कपाटावर जातो. आज तो खाली काढायचाय.

शहराच्या आकाशासाठी सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक म्हणजे तारकागुच्छ. कारण साधं आहे. देवयानीची दीर्घिका किंवा एखादा तेजोमेघ म्हणजे पसरलेला फिकट उजेड. शहराचा उजेडही पसरलेलाच. धुरात अगरबत्तीचा धूर शोधण्यासारखं ते. तारा मात्र ठिपका असतो. १३० मिलिमीटरचा आरसा आपल्या ७ मिलिमीटरच्या बाहुलीपेक्षा तीनशे पटींहून जास्त प्रकाश गोळा करतो, आणि ताऱ्याचा तो सगळा प्रकाश एका ठिपक्यातच जातो. आकाशाचा उजेड मात्र मॅग्निफिकेशन वाढलं की पसरून मंद होतो. म्हणून ठिपके वर येतात.

कोणता गुच्छ? कृत्तिका सगळ्यांना माहीत असते, सुंदरही आहे. पण माझं मत पुष्याला. हो, तेच गुरुपुष्यामृतातलं पुष्य नक्षत्र. कर्क राशीत, एम ४४ नावाचा गुच्छ. मेसिएने १७६९ साली त्याची जागा नोंदवली. त्याच्या खूप आधी, दुर्बिणीच्या सुरुवातीच्या दिवसांत, गॅलिलिओने त्यात चाळीसेक तारे मोजले होते. आंबिवलीचे अक्षांश १९.३, आणि हा गुच्छही आकाशात जवळपास तेवढ्याच अंशांवर. म्हणजे तो आपल्या बरोबर डोक्यावरून जातो! आणि शहरात सगळ्यात काळा तुकडा असतो तो डोक्यावरचाच. (गुरुपुष्यामृताला सोनं खुशाल घ्या, फोटोला मात्र त्या रात्री जाऊ नका. चंद्र तिथेच बसलेला असतो.)

नुसत्या डोळ्यांना आंबिवलीतून तिथे काहीच दिसत नाही, त्यामुळे घाबरू नका. पुनर्वसूतला ठळक तारा आणि मघा, या दोघांच्या साधारण मध्यावर, किंचित पुनर्वसूकडे टेलिस्कोप वळवा. मार्चच्या मध्यात गुच्छ पावणेदहाच्या सुमारास माथ्यावर येतो. पण टेबलटॉप टेलिस्कोप अगदी माथ्यावर वळवला की डावीकडे-उजवीकडे हलवून काही उपयोग होत नाही, म्हणून दीड तास आधी किंवा नंतर काढा. नंतरच बरं: दिवसभर तापलेली स्लॅब तोवर थोडी निवते आणि तारे कमी थरथरतात.

आता मुख्य भाग. १३० मिलिमीटरचा, ६५० फोकल लेंग्थचा टेलिस्कोप आणि २५ मिलिमीटरची आयपीस घेतली तर मॅग्निफिकेशन २६ पट, आणि सुमारे दोन अंशांचं आकाश दिसतं. पुष्य दीड अंशाचा, आरामात बसतो. आयपीसवर मोबाईल होल्डर लावा. हाताने धरून होत नाही, वेळ घालवू नका. कॅमेरा प्रो मोडमध्ये टाका, आयएसओ १६००, व्हाइट बॅलन्स फिक्स, जमलं तर रॉ फाइल. फोकस पुनर्वसूच्या ठळक ताऱ्यावर करा: मोबाईलचा फोकस अनंतावर ठेवून टेलिस्कोपचं चाक फिरवत राहा, तारा सगळ्यात बारीक दिसेपर्यंत.

शटर किती वेळ उघडा ठेवायचा? इथे गणित करून टाकू. पृथ्वी फिरते म्हणून तारा सेकंदाला १५ विकला सरकतो. २६ पट मोठं केलं की ते झालं साधारण साडेसहा कला. बारा मेगापिक्सेलच्या मेन कॅमेऱ्यात एक पिक्सेल म्हणजे जवळपास एक कला. म्हणजे सेकंदाला सहा-सात पिक्सेल! अर्ध्या सेकंदात तारा तीन पिक्सेल लांबतो, चालतं. दोन सेकंद ठेवले की ताऱ्याऐवजी तांदूळ. म्हणून अर्धा सेकंदच ठेवा, आणि असे २०० फोटो काढा. टायमर किंवा ब्लूटूथ रिमोट वापरा, बोट लागलं की सगळं हलतं. दर दोन मिनिटांनी गुच्छ परत मध्ये आणा.

हे २०० फोटो सिक्वेटर किंवा सिरिलमध्ये टाकायचे. दोन्ही फुकट. सॉफ्टवेअर तारे एकमेकांवर जुळवून सरासरी काढतं. सेन्सरचा नॉइज प्रत्येक फोटोत वेगळा असतो, तारा तोच असतो, त्यामुळे २०० फोटोंत नॉइज साधारण १४ पट कमी होतो. शहराचा उजेड मात्र सरासरीने जात नाही, तो प्रत्येक फोटोत असतोच. तो नंतर वेगळा वजा करायचा. एकसारखा पसरलेला असल्याने वजा करणं सोपं जातं. मधूनच गेलेलं विमान सॉफ्टवेअर स्वतःच बाद करतं.

फोटो तयार झाला की रंग बघा, इन्स्टावर टाकायच्या आधी. बहुतेक तारे पांढरे-निळसर, पण चार-पाच स्पष्ट नारिंगी. गुच्छातले सगळे तारे एकाच ढगातून, जवळपास एकाच वेळी जन्मलेले. वजनदार तारे इंधन भराभर संपवतात, फुगतात, नारिंगी होतात. पुष्यात ते झालंय, कारण त्याचं वय ६० ते ७० कोटी वर्षं. कृत्तिका जेमतेम १० कोटींच्या आसपास, तिचे ठळक तारे अजून निळेच. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की वयातला फरक दिसतो, तोही आपल्याच मोबाईलने काढलेल्या फोटोत. पुष्याचा हा उजेड निघाला साधारण ६०० वर्षांपूर्वी. शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा दोनशे वर्षं अवकाश होता.

पुष्य जमला की मेच्या मध्यात रात्री साडेदहाला दक्षिणेकडे बघा. ओमेगा सेंटॉरी, सुमारे १७,००० प्रकाशवर्षं दूरचा, लाखो ताऱ्यांचा गोळा. लंडनमधून तो कधीच उगवत नाही, आपल्याकडे क्षितिजावर २३ अंश चढतो. फक्त तो उल्हासनगरच्या उजेडातच चढतो, आणि त्याचे तारे इतके दाटीने की तो धुरकट कापसासारखा येईल. त्याच्यासाठी मात्र वांगणीची लोकल पकडा. खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम तिथे होत आलेत.

जूनमध्ये टेलिस्कोप आत. पुसून, कोरडा करून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात. आपल्याकडच्या पावसात आरशावर बुरशी चढायला एक महिना पुरतो.