‘मेमरी’चा संकेतांक आणि गंजलेली अर्थिंग

गेल्या जानेवारीत मोहरीवरील माव्याच्या सर्वेक्षणासाठी दिल्लीहून गुरुग्राम जिल्ह्याकडे निघताना, पहाटेच्या थंडीत आमची डिझेल गाडी सुरूच होईना. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडताच पी ०६०३ हा संकेतांक उमटला. इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाची, म्हणजे ईसीएमची, ‘मेमरी’ गेली. नवा बसवा, असा निवाडा दोन मिनिटांत झाला. दोष मात्र निघाला अर्थिंगच्या गंजलेल्या जोडणीत.

हा विषय आता शेताच्या बांधावर आला आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे उत्सर्जन मानक लागू झाले आणि त्यांत इंधन-फवारणीचे नियंत्रण ईसीएमकडे गेले. ऐन पेरणीत मशागत थांबली की शेतकरी महागडा नियंत्रक बदलण्यास चटकन तयार होतो.

गाड्यांतील संकेतांक मुळात स्मृतीचे प्रकार सांगतात. पी ०६०१ म्हणजे साठवलेल्या माहितीची बेरीज-पडताळणी जुळली नाही. पी ०६०४ तात्पुरत्या स्मृतीचा, तर पी ०६०५ कायम स्मृतीचा दोष. पी ०६०३ ज्या स्मृतीविषयी आहे, ती गाडी बंद असतानाही बॅटरीच्या विजेवर जागी असते. त्यामुळे बॅटरी काढली, उतरली किंवा तार सैल झाली, तरी तो येऊ शकतो. ट्रॅक्टरवर संकेतांकांची रचना निराळी असू शकते, पण तपासणीचा क्रम तोच.

प्रथम सर्व संकेतांक लिहून घ्यावेत. बॅटरी सोडविल्यास काही नोंदी पुसल्या जातात. विश्रांत अवस्थेतील पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्टर फिरताना दाब ९.६ च्या खाली जात असेल, तर आधी बॅटरी आणि जोडण्या तपासाव्यात. त्याच वेळी बॅटरीचे ऋण टोक व इंजिन यांच्यात अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर अर्थिंग संशयित समजावी. मग फ्यूज, कनेक्टरमधील ओल आणि उंदरांनी कुरतडलेल्या तारा. (या गुन्ह्यात माझे कीटक बहुधा निर्दोष असतात.) ट्रॅक्टरवर वेल्डिंग केले होते का, हेही विचारावे, त्यापूर्वी बॅटरी व ईसीएमची जोडणी सोडविणे आवश्यक असते.

वीजपुरवठा निर्दोष असूनही पी ०६०१ किंवा पी ०६०५ परतत असेल, तर अधिकृत केंद्रात प्रोग्राम पुन्हा भरून पाहावा. नियंत्रक बदलण्याचा विचार त्यानंतर. पिवळे पान दिसताच कीटकनाशक फवारणाऱ्यास आपण थांबवतो आणि पान उलटून पाहायला सांगतो. येथेही तेच.

आमची अर्थिंग खरवडून घट्ट केली, संकेतांक पुसला, गाडी तीनदा बंद-चालू केली. तो परतला नाही. दुपारी आम्ही मोहरीच्या मध्यवर्ती शेंड्याच्या वरच्या १० सेंटिमीटरवरील मावा मोजत होतो.