‘प्लॅन ९’ ही अल्पपरिचित संगणकप्रणाली आणि देवनागरीचे संकेतन

संगणकांच्या इतिहासात बाजारात यशस्वी ठरलेल्या प्रणालींची हकीकत विस्ताराने सांगितली जाते आणि अयशस्वी प्रणालींची नावे तळटीपेत जातात. व्यापाराच्या दृष्टीने हे स्वाभाविक असले, तरी भाषेच्या अभ्यासकाने त्यावर समाधान मानू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आज मराठीतील जवळजवळ प्रत्येक अक्षर ज्या रीतीने साठविले जाते आणि एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पाठविले जाते, ती रीत १९९२ साली ‘प्लॅन ९’ नावाच्या एका प्रणालीत प्रथम वापरात आली. ज्यांनी या प्रणालीचे नावही ऐकलेले नाही, ते लोक तिच्या संकेतनात दररोज लिहीत आहेत. हे कसे घडले, आणि एखाद्या मोठ्या, लोकमान्य प्रणालीत न घडता अशा एकाकी प्रणालीतच का घडू शकले, याचा येथे विचार करावयाचा आहे.

संगणकाचे यंत्र आणि त्यावर काम करणारा मनुष्य यांच्यामध्ये एक कारभारी असावा लागतो. कोणत्या कामास किती स्मृती द्यावयाची, फाइली कोठे व कोणत्या नावाने ठेवावयाच्या, कळफलकावरून आलेली खूण कोणाकडे पोचवावयाची, हा सर्व व्यवहार तो पाहतो. या कारभाऱ्यासच ऑपरेटिंग सिस्टिम अथवा संचालन प्रणाली म्हणतात. विंडोज, मॅक, अँड्रॉइड आणि लिनक्स ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. यांखेरीज आणखी कितीतरी प्रणाली जन्मास आल्या, थोड्या हौशी व अभ्यासू मंडळींनी जतन केल्या आणि बाजाराच्या दृष्टीने विस्मृत झाल्या. प्लॅन ९ ही त्यांपैकी एक होय.

तिचे जन्मस्थान मात्र विख्यात आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे असलेल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीची उभारणी सुरू केली होती. पुढे युनिक्सचा प्रसार इतका झाला की तिच्यातील जुन्या चुका सुधारणे तिच्या कर्त्यांनाही अशक्य झाले. तेव्हा १९८०–९० या दशकाच्या उत्तरार्धात टॉम्प्सन, रॉब पाइक, डेव्ह प्रेसोटो आदी मंडळींनी कोरी पाटी घेऊन नवी प्रणाली लिहावयास घेतली. निकृष्टतेबद्दल प्रसिद्ध असलेल्या एका अमेरिकन चित्रपटाच्या शीर्षकावरून तिला थट्टेने हे नाव देण्यात आले. १९९२ मध्ये ती विद्यापीठांना उपलब्ध झाली.

या प्रणालीचे मुख्य तत्त्व असे की, संगणकातील प्रत्येक वस्तूस फाइल मानावे आणि तिला नाव द्यावे. पडद्यावरील चौकट, उंदीर, जाळ्यातून होणारी जोडणी, दूरच्या यंत्रातील साठा या सर्वांशी व्यवहार करावयाचा तो त्यांची नावे घेऊनच. ज्या प्रणालीत सारा संसार नावांवर चालतो, तेथे नाव कोणत्या अक्षरांत लिहिता येते, हा प्रश्न गौण राहत नाही. लिपीचा विषय या कथेत शिरतो तो येथूनच.

संगणकास अक्षर ठाऊक नसते. त्यास संख्या ठाऊक असतात. १९६३ साली अमेरिकेत आस्की नावाचे मानक निघाले. त्यात ० ते १२७ या संख्या रोमन अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि काही नियंत्रणखुणा यांना वाटून देण्यात आल्या. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढ्या संख्या मावतात. म्हणजे अर्धी जागा रिकामी राहिली. ती ज्याने त्याने आपापल्या लिपीसाठी वापरली. भारतात इस्की हे मानक तयार झाले आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ते प्रसिद्ध केले. ते विचारपूर्वक रचलेले होते. तथापि आपल्याकडील छपाईच्या व्यवहारात त्याचा अंमल फारसा झाला नाही. प्रत्येक टंकाचे संकेतांक निराळे असत. एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या टंकात उघडला म्हणजे निरर्थक खुणांचा ढीग दिसे. प्रस्तुत लेखकाने आपल्या प्रबंधासाठी बोलीभाषेची जी सामग्री जमविली होती, तिचा बराच भाग अशाच एका टंकात होता. नव्या यंत्रावर तो टंक चालेना, आणि अखेर छापील प्रतीवरून सर्व पुन्हा टंकलिखित करावे लागले. यात वर्षाचा काही भाग खर्ची पडला.

यावर उपाय म्हणून जगातील सर्व लिप्यांना एकच संख्यासूची असावी, अशी कल्पना पुढे आली. १९९१ साली प्रसिद्ध झालेली युनिकोडची पहिली आवृत्ती ही तिचे मूर्त स्वरूप होय. देवनागरीची मांडणी तीत इस्कीच्या १९८८ मधील रूपावर आधारलेली आहे. ‘क’ला २३२५ ही संख्या मिळाली, ‘य’ला २३५१. परंतु सूची तयार झाली म्हणजे लेखन झाले, असे नव्हे. २३२५ ही संख्या एका बाइटमध्ये मावत नाही. ती कशी लिहावयाची?

सरळ उत्तर असे की, प्रत्येक अक्षरास दोन बाइट द्यावेत. हे उत्तर किती फसवे आहे, हे पाहण्यासाठी ‘विद्यापीठ’ हा शब्द घेऊ. दोन बाइटांच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाचा पहिला बाइट ९ हा असतो, आणि आस्कीत ९ म्हणजे ओळीत अंतर सोडण्याची टॅब ही खूण. दुसरे बाइट अनुक्रमे घेतले, तर व म्हणजे आस्कीतील ५ हा अंक, ऱ्हस्व इकार म्हणजे प्रश्नचिन्ह, द म्हणजे ‘आणि’ची रोमन खूण, हलन्त म्हणजे रोमन एम हे अक्षर, आणि य म्हणजे ४७ ही संख्या, अर्थात तिरकी रेघ. शेवटच्या ठ चा दुसरा बाइट ३२, म्हणजे मोकळी जागा. युनिक्सच्या परंपरेत फाइलीच्या नावात दोनच बाइट निषिद्ध आहेत: एक शून्य, कारण ते नावाचा शेवट दाखविते, दुसरा ४७, कारण तिरकी रेघ एका कप्प्याचे नाव संपून दुसऱ्याचे सुरू झाल्याची खूण होय. तेव्हा जुन्या प्रणालीस ‘विद्यापीठ’ हे नाव दिले असता ती ते य पाशी तोडून दोन निराळ्या कप्प्यांची नावे समजेल. यमुना, यज्ञ, न्याय, सत्य, सर्वांची हीच गत! ‘ऊ’ची तऱ्हा आणखी निराळी, तिचा दुसरा बाइट १०, म्हणजे नवी ओळ. शिवाय दोन बाइटांपैकी कोणता आधी लिहावा, याबद्दल यंत्रांयंत्रांत मतभेद होता तो वेगळाच. आणि रोमन अक्षरांचा पहिला बाइट शून्य येत असल्यामुळे इंग्रजी नावे तर पहिल्याच बाइटापाशी संपली असती. इंग्रजी लेखन मोडणारी ही पद्धत जुन्या युनिक्स यंत्रांवर कोणीही चालू दिली नसती, हे सांगावयास नको.

आंतरराष्ट्रीय मानकात यूटीएफ नावाची दुसरी एक पद्धत सुचविलेली होती आणि प्लॅन ९ मध्ये प्रथम तीच वापरण्यात आली. तीत शून्याची अडचण टळली, पण अनेक बाइटांच्या अक्षरात तिरकी रेघ शिरण्याचा धोका राहिलाच. संख्या काढण्यासाठी १९० ने भागाकार करावा लागे, हेही एक वैगुण्यच. कर्त्यांना ती मुळीच आवडली नव्हती.

सप्टेंबर १९९२ मध्ये एक्स/ओपन या संघटनेच्या समितीत काम करणाऱ्या मंडळींकडून नव्या पद्धतीविषयी मत विचारण्यासाठी पाइक व टॉम्प्सन यांना दूरध्वनी आला. समितीपुढे एक मसुदा होताच. या दोघांनी त्यात एक मोठी उणीव पाहिली आणि आपण दुसरी पद्धत लवकर करून दिली तर चालेल काय, असे विचारले. त्याच रात्री न्यू जर्सीतील एका साध्या भोजनगृहात, ताटाखाली अंथरावयाच्या कागदावर टॉम्प्सन यांनी तिची रचना मांडली, असे पाइक यांनी पुढे लिहून ठेवले आहे. तो आठवडा संपण्यापूर्वी संपूर्ण प्लॅन ९ प्रणाली नव्या संकेतनावर चालू लागली होती. जानेवारी १९९३ मध्ये सॅन दिएगो येथील परिषदेत तिच्याविषयी निबंध वाचण्यात आला. हीच आजची यूटीएफ-८.

तिची रचना आगगाडीच्या उदाहरणाने समजावून घेता येईल. आस्कीतील अक्षर म्हणजे एकटेच चालणारे इंजिन. त्याचा बाइट १२८ च्या आतला असतो आणि तो पूर्वीचाच राहतो. इतर अक्षर म्हणजे इंजिन आणि डबे. इंजिनाच्या बाइटात आरंभी जितके एक, तितक्या बाइटांची गाडी. प्रत्येक डब्याच्या आरंभी मात्र ‘१०’ ही खूण. ‘क’ असा लिहिला जातो: १११०००००, १०१००१००, १००१०१०१. पहिल्यातील १११० आणि पुढील दोहोंतील १० या खुणा काढून टाकल्या असता उरलेले सोळा अंक जोडून २३२५ हीच संख्या मिळते. दशमान पद्धतीने हे बाइट २२४, १६४, १४९ असे आहेत. ‘य’चे २२४, १६४, १७५. सर्व १२७ च्या वरचे. ४७ ही संख्या तिरक्या रेघेवाचून कोठेही येणे शक्यच नाही. ‘विद्यापीठ’ आता अखंड राहते.

समितीच्या मसुद्यात जी उणीव होती, ती डब्यांवरील खुणेने भरून निघाली. मजकुराचा प्रवाह मध्येच हाती आला, काही बाइट गळाले, तरी वाचणारास समोर इंजिन आहे की डबा हे तत्काळ कळते. फार तर एक अक्षर वाया जाते आणि पुढचे सर्व नीट वाचता येते. आपल्या जुन्या टंकांत एक खूण हुकली की वाचकाचा सारा अदमास चुके. लिपीच्या अभ्यासकास या गुणाचे मोल अधिक वाटावे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. हे काम प्लॅन ९ मध्येच का झाले? बुद्धिमत्ता हे एक कारण खरे, पण तेवढेच नव्हे. ‘अक्षर म्हणजे एक बाइट’ ही समजूत संचालन प्रणालीच्या हाडीमाशी खिळलेली असते. ती बदलावयाची म्हणजे संपादक, संकलक, फाइलव्यवस्था, पडदा, सर्वच एकदम बदलावे लागतात. ज्या प्रणालीचे लक्षावधी ग्राहक आहेत, तिला हे करण्यास दशक लागते, कारण प्रत्येक जुन्या कार्यक्रमाची मर्जी सांभाळावी लागते. प्लॅन ९ चे वापरणारे थोडे, लिहिणारे एकाच इमारतीत बसणारे, आणि मोडण्यासारखे जुने असे फारसे काही नव्हतेच. तिची एकाकी अवस्थाच येथे उपयोगी पडली. मोठ्यांचा मार्ग पाहिला म्हणजे हा भेद ध्यानात येतो. १९९३ मध्ये निघालेल्या विंडोज एनटीने दोन बाइटांचा मार्ग धरला. जावा भाषेनेही तोच. १९९६ मध्ये युनिकोडला ६५,५३६ संख्या पुरणार नाहीत असे ठरले आणि त्या दोन बाइटांना जोडकाम करावे लागले. सर्व कार्यक्रमास यूटीएफ-८ मध्ये चालविण्याची सोय विंडोजमध्ये २०१९ साली आली. आज जगातील शंभरांपैकी अठ्ठ्याण्णवांहून अधिक संकेतस्थळे यूटीएफ-८ मध्ये आहेत.

या पद्धतीविरुद्ध भारतीय भाषिकांची एक तक्रार आहे आणि ती खोटी नाही. ‘विद्यापीठ’ या शब्दात अक्षरे चार, युनिकोडचे संकेतांक नऊ, आणि यूटीएफ-८ चे बाइट सत्तावीस! इस्कीत नवातच भागले असते. रोमन लिपीस एक बाइट आणि देवनागरीस तीन, हा पंक्तिप्रपंच नव्हे काय? साठवणुकीपुरते बोलावयाचे, तर मजकूर संक्षिप्त करण्याच्या रीतीत वारंवार येणारे २२४, १६४ हे बाइट सहज आवळले जातात, त्यामुळे व्यवहारात तोटा थोडा. पण प्रश्न तेथे संपत नाही. २०१९ मधील जीपीटी-२ या भाषाप्रतिमानाने यूटीएफ-८ चे बाइटच आपल्या तुकड्यांचा पाया म्हणून घेतले, आणि मुख्यतः इंग्रजी मजकुरावर शिकल्यामुळे त्याच्याकडून मराठी शब्दाचे तुकडे इंग्रजीच्या कितीतरी पट पडत. पुढील प्रतिमानांत सुधारणा झाली आहे. तथापि जेथे तुकड्यांगणिक मोल आकारले जाते, तेथे आपला शब्द अजूनही महाग पडतो. दोष येथे संकेतनाचा कमी आणि तुकडे पाडण्याच्या रीतीचा अधिक, असे मला वाटते. आपली लिपी अक्षरप्रधान आहे हे तुकडे पाडणाराने प्रथम ओळखावयास हवे. हे काम भाषाशास्त्रज्ञांचे आहे, आणि ते आपण फारसे केलेले नाही. ‘ॲ’ला स्वतंत्र संकेतांक मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले, हे या संदर्भात विसरता येत नाही.

प्लॅन ९ चे पुढे काय झाले, हे थोडक्यात सांगतो. युनिक्सची जागा घेण्याइतकी ती कोणास आवश्यक वाटली नाही. युनिक्स पुरेशी बरी होती आणि १९९१ पासून तिच्या धर्तीवर निघालेली लिनक्स विनामूल्य मिळत होती. २००२ मध्ये प्लॅन ९ ची चौथी व शेवटची अधिकृत आवृत्ती निघाली. २०२१ साली नोकियाने, कारण बेल प्रयोगशाळा तोवर त्या कंपनीकडे आली होती, सर्व हक्क प्लॅन ९ फाउंडेशनकडे सोपविले. ‘९फ्रंट’ या नावाने काही मंडळी ती अद्याप वाढवीत आहेत. तिचे अंश मात्र सर्वत्र विखुरलेले आढळतात. दूरच्या फाइलींशी बोलण्याची तिची ९पी ही भाषा विंडोजने आपल्या पोटातील लिनक्सशी व्यवहार करण्यासाठी घेतली. अक्षराच्या संकेतांकास प्लॅन ९ मध्ये ‘रून’ म्हणत, प्राचीन जर्मानिक शिलालेखांतील लिपीच्या नावावरून. पाइक, टॉम्प्सन आणि रॉबर्ट ग्रीझमर यांनी २००९ मध्ये जाहीर केलेल्या गो या भाषेत तो शब्द रूढ आहे.

एक गोष्ट राहिली. देवनागरी सुरक्षित वाहून नेणाऱ्या या प्रणालीस देवनागरी लिहिता मात्र येत नव्हती. पडद्यावर ती एकापुढे एक रून मांडी; जोडाक्षर घडविण्याची किंवा ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या अलीकडे नेण्याची यंत्रणा तिच्यात नव्हती. ते काम विंडोज २००० आदी प्रणालींत झाले. ‘विद्यापीठ’ या नावाची फाइल प्लॅन ९ मध्ये एक बाइटही न हरवता राहिली असती, आणि पडद्यावर तिचे नाव कोणाही मराठी माणसास नीट वाचता आले नसते.