गटावर पडलेलं मैदान

नगरपरिषदेच्या सभागृहात एक दिवस भिंतभर रंगीत नकाशा लागतो आणि गावातली माणसं त्यापुढे गर्दी करतात. पिवळा रंग राहत्या घरांचा, निळा व्यापाराचा, जांभळा कारखान्यांचा, हिरवा शेतीचा. मधोमध गावठाणाची दाटी. भोवतीच्या शेतांमधून रुंद, सरळ रस्ते गेलेले दिसतात, पण ते अजून फक्त कागदावर आहेत. जागेवर जाऊन पाहिलं तर तिथे ऊस नाहीतर सोयाबीन उभं असेल. प्रत्येक जण आपला गट नंबर शोधतो. बोट फिरत फिरत एका तुकड्यावर थांबतं आणि कुणीतरी घरी फोन लावून सांगतं, 'आपल्यावर मैदान पडलंय.'

हा गावाचा प्रारूप विकास आराखडा, लोकांच्या तोंडी नुसता 'डीपी'. पंचवीस-तीस हजार वस्तीच्या गावाने आपली पुढची वीस वर्षं कागदावर मांडायची, कुठली जमीन कशाला लागेल ते ठरवायचं, आणि ठरवताना कुणालाही 'हे मला मान्य नाही' असं लेखी म्हणू द्यायचं! आपल्या सार्वजनिक जीवनात इतकी धाडसी गोष्ट मला दुसरी सहसा दिसत नाही.

या व्यवस्थेला शंभराहून जास्त वर्षं झाली. मुंबई इलाख्यात १९१५ साली देशातला पहिला नगररचना कायदा झाला, पण तो शहराच्या एखाद्या भागापुरत्या योजना आखण्याचा होता. सबंध शहराचा आराखडा करण्याची सक्ती १९५४च्या कायद्याने आली. आज आपण ज्याखाली चालतो तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. तो नगरपरिषदेला 'नियोजन प्राधिकरण' म्हणतो आणि वीस वर्षांतून एकदा तरी आराखडा नव्याने तपासायला लावतो. पुढे ७४व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कामांची यादी बाराव्या अनुसूचीत घातली, तेव्हा तिथलं पहिलंच काम नगररचनेचं होतं.

आराखड्याची सुरुवात पायपिटीने होते. गावाने इरादा जाहीर केला की नगररचना अधिकारी नेमला जातो, आणि आजचं गाव जसं आहे तसं नोंदवून घेतलं जातं. घर कुठे, गिरणी कुठे, दर्गा, देऊळ, तालीम, पडीक जागा, ओढा. हा विद्यमान भूवापर नकाशा. मग लोकसंख्येचा हिशेब मांडायचा: वीस वर्षांनी गावात किती माणसं असतील आणि त्यांना काय काय लागेल. प्राथमिक शाळा, भाजी मंडई, दवाखाना, बाग, बसस्थानक, स्मशानभूमी, दफनभूमी. जी मुलं अजून जन्मलेलीही नाहीत त्यांच्या खेळण्याची जागा आज कुणाच्या तरी शेतात आखली जाते.

नदीकाठच्या गावात याच नकाशावर दोन रेषा उतरतात. निळी पूररेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नाही. निळ्या-लालच्या मधल्या पट्ट्यात बंधनं पाळून परवानगी. लाल रेषेपर्यंत पाणी आलेलं पाहिलेला माणूस गावात कदाचित एकही नसेल. तरी ते पाणी येणार हे धरून घराचं जोतं किती उंच हवं, ते ठरतं. कोल्हापूर-सांगलीकरांना २०१९च्या महापुरानंतर या रेषांचं मोल कुणी समजावून सांगायला नको.

आता आराखड्याचा गाभा. प्रारूप तयार झालं की राजपत्रात सूचना निघते, नकाशा लोकांना पाहायला ठेवला जातो आणि ठराविक मुदतीत हरकती व सूचना मागवल्या जातात. इथे कायद्याने एक फार उदार शब्द वापरला आहे: 'कोणीही'. जमीनमालकच पाहिजे असं नाही. भाडेकरू चालतो, मैदानावर खेळणारी मुलगी चालते, निवृत्त शिक्षक चालतो. कोऱ्या कागदावर लिहायचं, आवक क्रमांक टाकून पोच घ्यायची. झालं.

हे ऐकायला नियोजन समिती बसते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि त्यांच्याबरोबर नगररचना किंवा पर्यावरणाचे जास्तीत जास्त चार जाणकार. हे चौघे पुण्याला बसणाऱ्या नगररचना संचालकांनी नेमायचे. म्हणजे गावाने निवडून दिलेली माणसं आणि गावातल्या भावकीशी, गटातटांशी ज्यांना देणंघेणं नाही अशी माणसं एकाच टेबलाला. ज्याने हरकत घेतली त्याला बोलायची संधी द्यावीच लागते. कुणी म्हणतं, नियोजित रस्ता आमच्या विहिरीवरून जातो. कुणाची तक्रार अशी की रस्ता आधी सरळ होता, आमच्याच गटात का वळला. कुणी येतं ते आपल्या जमिनीसाठी नव्हे, तर बाजारतळाला लागून असलेली बाग रद्द करू नका हे सांगायला. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही शेवटची हरकत. पहिल्या दोघांना भांडायला कारण आहे. तिसऱ्याने नुसती गावाची बाजू घेतली आहे, आणि समितीपुढे त्याचा कागद त्याच वजनाचा आहे.

समितीच्या अहवालानंतर नगरपरिषद बदल करते आणि आराखडा शासनाकडे जातो. मोठे बदल झाले तर ते पुन्हा प्रसिद्ध करून पुन्हा हरकती. शासनाने मंजुरी दिली की तो अंतिम विकास आराखडा, आणि मग तो खुद्द नगरपरिषदेवरही बंधनकारक असतो. नगराध्यक्ष बदलले म्हणून बागेची जागा बदलत नाही. बदलायचीच तर फेरबदलाची वेगळी कार्यवाही आहे, तिच्यातही सूचना आणि हरकती आहेतच.

लहान वस्तीने जमिनीचे रंग ठरवावेत का, हा प्रश्न एकदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड नावाच्या खेड्याने १९२२मध्ये गावाचे विभाग पाडले. ॲम्बलर रिअल्टी या कंपनीची तिथे ६८ एकर जमीन होती. कारखान्यांसाठी राखलेल्या त्या जमिनीचा मोठा भाग घरांच्या विभागात गेला आणि कंपनी कोर्टात गेली. १९२६मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी खेडं जिंकलं. तिथल्या असंख्य छोट्या गावांत आज नियोजन व विभागणी आयोग बसतात, बहुधा बिनपगारी नागरिकांचे, संध्याकाळी कामधंदा आटोपून आलेल्या शेजाऱ्यांचे. शेजाऱ्याने शेजाऱ्याला समोर बसवून जमिनीविषयी ऐकून घेणं तिकडेही आहे आणि इकडेही.

पण मंजूर आराखडा म्हणजे बांधलेलं मैदान नव्हे. नकाशावर आरक्षण पडलं, म्हणजे सार्वजनिक कामासाठी जागा राखली गेली, तरी जमीन मालकाचीच राहते. ती नगरपरिषदेने मिळवावी लागते. एक तर रोख मोबदला द्यायचा, नाहीतर टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क. किंवा मालकानेच आरक्षणाचा काही भाग बांधून द्यायचा आणि उरलेल्या जागेत स्वतःचं बांधकाम करायचं. लहान गावाच्या तिजोरीत रोख मोबदल्याइतके पैसे क्वचित असतात, आणि टीडीआरला शहरात मिळतं तसं गिऱ्हाईक तिथे मिळत नाही.

म्हणून कायद्याचं १२७वं कलम नीट समजून घ्यावं असं मला कळकळीने वाटतं. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो: घ्या, नाहीतर सोडा. नोटिशीची मुदत आधी सहा महिन्यांची होती, मग बारा झाली, २०१५पासून ती चोवीस महिन्यांची आहे. तेवढ्या काळात संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. मालकाच्या बाजूने पाहिलं तर हे न्यायाचंच आहे. बारा वर्षं माणूस ना चांगल्या भावाने विकू शकतो, ना घर बांधू शकतो. गावाच्या बाजूने पाहिलं तर एक मैदान गेलं, आणि जाताना त्यासाठी भिंतभर नकाशा लागला नाही, गर्दी जमली नाही. एक नोटीस आवक-जावकमध्ये पडून राहिली, एवढंच घडलं.

आपल्या गावाचा आराखडा कधी लागू झाला, त्यात आरक्षणं किती, ताब्यात किती आली, किती ठिकाणी १२७ची नोटीस लागली आहे आणि तिची मुदत केव्हा संपते, हे माहितीच्या अधिकारात नगरपरिषदेला विचारता येतं. अर्जाला दहा रुपये लागतात. नावावर सातबारा असावा लागत नाही.