थेंबाभोवतीची भिंत

जूनमध्ये दमदार पाऊस झाला की परभणी, मानवत, पाथरी, जिंतूरच्या काळ्या रानांत सोयाबीनची पेरणी उरकते आणि पाठोपाठ, तण वर यायच्या आत, तणनाशकाची फवारणी सुरू होते. पेंडीमिथॅलीन हे त्यातलं जुनं, ओळखीचं नाव. कृषी सेवा केंद्रात ते दोन रूपांत मिळतं. एका बाटलीवर ‘३० टक्के ईसी’ असं लिहिलेलं असतं, दुसरीवर ‘३८.७ टक्के सीएस’. ईसीचं बूच उघडलं की द्रावकाचा उग्र दर्प येतो आणि केशरी-पिवळा तेलकट द्रव पाण्यात ओतताच बादली दुधाळ होते. सीएस घट्टसर असतं, वासही बेताचा. आतलं औषध एकच असतं. फरक आहे तो त्या औषधाच्या थेंबाला भिंत आहे की नाही, एवढाच.

तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत. जोरात घुसळलं तर तेलाचे बारीक थेंब पाण्यात विखुरतात, पण थोड्या वेळात पुन्हा एकमेकांत मिसळून वर येतात. त्यांना अलग ठेवण्यासाठी तिसरं कोणीतरी लागतं. या इमल्सिफायरचं एक टोक तेलात रमतं, दुसरं पाण्यात. दुधात हे काम स्निग्धांशाच्या गोळ्यांवरचा प्रथिनांचा आणि फॉस्फोलिपिडांचा पापुद्रा करतो. निंबोळी तेल फवारताना शेतकरी पाण्यात साबण कालवतात, तोही त्याचसाठी. असं तयार झालेलं स्थिर मिश्रण म्हणजे इमल्शन. ईसीची बाटली हे काम पंपात, फवारणीच्या वेळी करते.

सीएसमध्ये मात्र पुढची पायरी कारखान्यातच झालेली असते. तेलकट औषधात आधी आयसोसायनेट वर्गातलं रसायन विरघळवतात. ते मिश्रण पाण्यात ओतून वेगाने घुसळलं की काही मायक्रॉन आकाराचे थेंब तयार होतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. मग पाण्याच्या बाजूने अमाइन सोडतात. ही दोन रसायनं एकमेकांना भेटू शकतात ती फक्त थेंबाच्या पृष्ठभागावर, म्हणून भिंतही तिथेच उभी राहते. पॉलियुरियाचा पातळ, अखंड कोष प्रत्येक थेंबाभोवती तयार होतो आणि थेंबाची कॅप्सूल बनते. विशेष म्हणजे भिंत उभी राहू लागली की ती स्वतःच दोन रसायनांच्या मधे येते आणि वाढ मंदावते, त्यामुळे ती फार जाड होत नाही. घुसळण्याचा वेग वाढवला की कॅप्सूल लहान होते, रसायनांचं प्रमाण बदललं की भिंत जाड किंवा पातळ होते.

पेंडीमिथॅलीन हवेत उडून जातं, उन्हातही त्याचं विघटन होतं. कोषामुळे हे दोन्ही नुकसान कमी होतं, द्रावक कमी लागतो आणि फवारणाऱ्या माणसाच्या हातावर, नाकात उघडं औषध कमी जातं. हा शेवटचा फायदा सगळ्यात मोलाचा मानायला हवा. हातमोजे आणि मुखपट्टीशिवाय पंप पाठीवर घेणारी माणसं मराठवाड्यात पैशाला पासरी दिसतात. कॅप्सूल हा त्यांच्यासाठी मोज्यांना पर्याय मुळीच नाही, पण धोका कमी करण्याचं एक पाऊल नक्कीच आहे.

या तंत्राचं मूळ शेतीत नाही. १९२९ मध्ये बुंगेनबर्ग दे योंग या डच शास्त्रज्ञाने जिलेटीन आणि बाभूळवर्गीय झाडाचा डिंक यांच्या द्रावणांतून दाट थर वेगळा होतो, त्याचा अभ्यास मांडला. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या एनसीआर कंपनीच्या बॅरेट ग्रीनने तोच थर तेलाच्या थेंबांवर चढवला आणि कार्बनशिवाय नक्कल उमटवणारा कागद बनवला. पेनाचा दाब पडला की कागदाच्या मागच्या कॅप्सूल फुटतात, आतला रंगजनक द्रव खालच्या कागदावर उतरतो आणि अक्षर उमटतं. पावती पुस्तकांतले असे कागद अनेकांच्या हाताखालून गेले आहेत.

मायक्रॉनच्याही खाली उतरलं की गणित विलक्षण बदलतं. एक मिलिलिटर तेल १०० नॅनोमीटर व्यासाच्या थेंबांत फोडलं, तर त्या सगळ्या थेंबांचा एकूण पृष्ठभाग ६० चौरस मीटर भरतो, म्हणजे जवळपास साडेसहाशे चौरस फुटांच्या घराएवढा. एवढा पृष्ठभाग झाकायचा तर इमल्सिफायर भरपूर लागतो आणि थेंब फोडायला उच्च दाबाचे होमोजिनायझर लागतात. घन नॅनोकण हवे असतील तर आणखी एक युक्ती आहे. पॉलिमर आणि औषध उडून जाणाऱ्या द्रावकात विरघळवायचं, त्याचं पाण्यात इमल्शन करायचं आणि द्रावक उडवून लावायचा. प्रत्येक थेंब आकसून घट्ट कण होतो. औषध पाण्यात विरघळणारं असेल तर पाणी-तेल-पाणी असं दुहेरी इमल्शन करतात. प्रोस्टेट कर्करोगावरचं ल्युप्रोलाइडचं महिनाभर पुरणारं इंजेक्शन, ज्याला अमेरिकेत १९८९ मध्ये परवानगी मिळाली, ते याच रीतीने बनवलेल्या सूक्ष्म गोळ्यांचं. तिथे कण नॅनो नाहीत, मायक्रॉनचे आहेत, पण रीत तीच.

परभणीला या विषयाशी जोडणारा दुसरा धागा हळदीचा. वसमत हे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होतं, मग हिंगोलीत गेलं. तिथल्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हळदीचा रंग आणि गुण ज्या कुरकुमिनमुळे, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, उजेडात फिकं पडतं आणि शरीरात फार कमी शोषलं जातं. तेलात विरघळवून त्याचं बारीक इमल्शन केलं की ते पेयात मिसळता येतं. त्यावर डिंकाचं किंवा स्टार्चचं कवच चढवून फवारा-शुष्कन यंत्रात वाळवलं की भुकटी मिळते.

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत रेखा सिंघल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये वेलचीच्या अर्कावर नेमकं हेच केलं. अरबी डिंक, माल्टोडेक्स्ट्रिन आणि रूपांतरित स्टार्च यांची वेगवेगळी प्रमाणं वापरून त्यांनी भिंती बनवल्या आणि सुगंध किती टिकतो ते साठवणीत मोजलं. डिंकाचा मोठा वाटा ठेवून बाकीच्या दोघांची थोडी जोड दिलेलं मिश्रण नुसत्या डिंकापेक्षा सरस ठरलं. परभणीच्या कृषी विद्यापीठात १९७६ पासून अन्नतंत्र महाविद्यालय आहे आणि हळदीचा मुलूख हाकेच्या अंतरावर. कच्ची हळद ट्रकने बाहेर पाठवून कुरकुमिनची भुकटी दुसरीकडे बनत राहावी, हे या भूगोलाला शोभत नाही.

भिंतीचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. पॉलियुरियाचा कोष औषध संपल्यावर मातीत राहतो, म्हणजे तो एक प्रकारचा सूक्ष्म प्लास्टिकचाच कण. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मुद्दाम मिसळलेल्या अशा कणांवर निर्बंध आणले आणि पीक संरक्षणाच्या उत्पादनांना २०३१ पर्यंत मुदत दिली. त्यामुळे विघटनशील भिंतींचा शोध जोरात आहे. डिंक, जिलेटीन, स्टार्च, सेल्युलोज आणि सोयाबीनचं प्रथिन हे सगळे उमेदवार आहेत. व्यापारातला अरबी डिंक मुख्यतः सुदान आणि आसपासच्या देशांतून येतो. मराठवाड्यातल्या बांधावरच्या बाभळीचा डिंक त्याच्या नात्यातला, पण गुणांनी तंतोतंत तोच नव्हे. सोयापेंड मात्र परभणीच्या भोवताली मुबलक आहे. तिच्यातलं प्रथिन थेंबावर चांगलं बसतं, अडचण येते ती पाणी शोषून फुगण्याची आणि बुरशीची. दुकानाच्या पत्र्याखाली, मे महिन्याच्या चाळीस-बेचाळीस अंशांत बाटलीतली भिंत शाबूत राहायला हवी आणि शेतात उतरल्यावर तिने काही महिन्यांत मातीत विरून जायला हवं. प्रयोगशाळांचं काम सध्या या दोन अटींपाशी अडलेलं आहे.