माळीण दुर्घटनेनंतरचे उपजीविका पुनर्वसन

माळीण हे पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील, भीमाशंकरच्या डोंगररांगांमधील आदिवासी गाव आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी अतिवृष्टीमुळे गावामागील डोंगराचा उतार खचला आणि वस्तीचा मोठा भाग चिखलाखाली गाडला गेला. या दुर्घटनेत १५१ जणांचा मृत्यू झाला. वाचलेल्या कुटुंबांपुढे निवाऱ्याइतकाच उपजीविकेचा प्रश्नही उभा राहिला.

उपजीविकेची साधने

येथील महादेव कोळी समाजाचे जीवन भातशेती, जनावरे, वनोपज आणि हंगामी मजुरी यांवर अवलंबून आहे. उतारावर ताली बांधून भाताची खाचरे तयार केली जातात. परस्परांच्या श्रमातून खाचरे करण्याच्या पारंपरिक पद्धतीस या भागात 'पडकई' म्हणतात. उन्हाळ्यात हिरड्याची कोवळी फळे गोळा करून वाळवतात. या बाळहिरड्याच्या विक्रीतून पावसाळ्यापूर्वी रोख पैसा हाती येतो.

हानीचे स्वरूप

दरड भातलावणीच्या हंगामात कोसळली. त्यामुळे घरांबरोबर धान्य, अवजारे, जनावरे आणि काही खाचरेही नष्ट झाली. अनेक घरांतील कर्ती माणसे गेली. पडकईसारखी पद्धत शेजाऱ्यांच्या हातांवर चालते. ते हातच कमी झाल्याने उरलेली शेती कसणेही कठीण झाले. मृतांच्या नावावरील जमिनीसाठी वारसनोंद करून सातबारा उताऱ्यात फेरफार करणे आवश्यक होते.

शासकीय मदतीची मर्यादा

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार मृतांचे वारस, पडलेली घरे व दगावलेली जनावरे यांसाठी अर्थसाहाय्य मिळते. शेतात साचलेला राडारोडा काढणे आणि दरडीमुळे जमीन नष्ट होणे यांचाही त्यात समावेश आहे. मात्र जमिनीची मदत महसुली नोंदींवर अवलंबून असते. रानातील हिरडा गोळा करून मिळणारे उत्पन्न सातबाऱ्यावर दिसत नाही. वनहक्क कायदा, २००६ गौण वनोपजावरील हक्क मान्य करतो. परंतु त्या हक्काचा उपयोग होण्यासाठी झाडांपर्यंत पोहोचता येणे आवश्यक असते.

स्थलांतराचा परिणाम

वाचलेल्या कुटुंबांना प्रथम पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत ठेवण्यात आले. पुढे जवळच्या आमडे येथे नवी वसाहत उभारण्यात आली. तिचे लोकार्पण २ एप्रिल २०१७ रोजी झाले. त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तेथील भराव खचले व रस्त्यांना तडे गेले. जागा जुन्या गावाजवळ असल्याने शेती व रान यांच्याशी असलेला संबंध तुटला नाही. मात्र जवळची जागाही डोंगराळ असल्याने भराव, निचरा व उताराची सुरक्षितता हे प्रश्न कायम राहिले.

रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ रोजी रात्री दरड कोसळली. तेथील ठाकर कुटुंबांसाठी सिडकोने डोंगराखाली चौक परिसरात वसाहत बांधली. रस्ता, शाळा व दवाखाना जवळ आले, पण डोंगरावरील शेत आणि रान दूर गेले. म्हणूनच पुनर्वसनाची जागा ठरवताना उताराच्या सुरक्षिततेबरोबर कुटुंबाची शेती, चराई, वनोपज आणि मजुरीची ठिकाणे किती अंतरावर राहतील, हेही पाहावे लागते.