आंबा संपला, तरी माशी असते

हापूस कापला, आत अळी दिसली, की पहिला आळ येतो तो साक्यावर. साका ही कीड नव्हेच. त्यात गर पांढुरका, आंबूस, स्पंजासारखा होतो आणि तो बिघाड फळाच्या अंगातच होतो. अळी असेल तर ते काम फळमाशीचे. पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांशीही तिची गल्लत करू नये. ही माशी साधारण घरमाशीएवढी, दिसायला गांधीलमाशीच्या वळणाची. फळ झाडावर असतानाच मादी साल टोचून आत अंडी घालते. बाहेर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, त्यामुळे पेटी भरताना काही कळत नाही. आतल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. तोडणीच्या तोंडावर मारलेले औषध मात्र खाणाऱ्यापर्यंत पोहोचते.

कोकणात सर्रास पसरलेला समज म्हणजे ही आंब्याची माशी, हंगाम सरला की गेली. खरे तर पेरू, चिकू, पपई, जाम, रस्त्याकडेचा देशी बदाम, कशातही तिची पिढी वाढते. मे-जूनमध्ये, वळवाच्या आसपास, ती जोरात असते. नेमका तेव्हाच बागायतदार माल काढून मोकळा झालेला असतो आणि गडग्यापलीकडच्या रायवळाखाली आंब्यांचा सडा पडलेला असतो. तो सडा कोणाचाच नसतो, म्हणून तो माशीचा. पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर पडून मातीत शिरते आणि तिथे कोष करते. म्हणूनच पडीची फळे वीतभर खड्ड्यात लोटून वर माती सारणे म्हणजे तिची सोय लावणे. खड्डा चांगला दोन-तीन फूट खोल हवा, नाहीतर फळे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावीत.

सापळ्याचीही अशीच गोष्ट. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा चांगलाच आहे, पण त्यातल्या मिथाईल युजेनॉलकडे फक्त नर येतात. उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो, शिवाय शेजारच्या बागेतून फळलेली मादी येतेच. त्यामुळे भरलेला सापळा पाहून निश्चिंत होऊ नये. वाडीतल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावले, तरच नर खरोखर घटतात.

2014 मध्ये युरोपीय संघाने आपला आंबा रोखला तो कीटकनाशकांच्या अंशामुळे, असे अजूनही ठासून सांगितले जाते. खरे कारण मालात सापडलेली फळमाशी. 48 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर आंबा ठेवण्यासारख्या उपायांनंतर 2015 मध्ये वाट मोकळी झाली. त्या बंदीत कारले आणि पडवळही होते, हे सहसा कोणी सांगत नाही. वेलवर्गीय भाज्यांवरची माशी वेगळ्या जातीची. मांडवात आंब्याचा सापळा टांगून तिचे नर येत नाहीत, त्यांना क्यू ल्यूर लावावे लागते.